भिक्षुणींचे कुंग फू आणि मुक्तीचा अधिकार

काठमांडूजवळच्या अमिताभ डोंगरावर ‘द्रुक गवा खिलवा’ हा तिबेटी बौद्ध धर्माच्या द्रुकपा परंपरेतला भिक्षुणी विहार आहे. नेपाळ, लडाख, लाहौल-स्पिती, भूतान अशा हिमालयीन मुलखातल्या तरुण मुली इथे दीक्षा घेतात आणि ध्यान, मंत्रपठण यांच्याबरोबर कुंग फूही शिकतात. परंपरेचे प्रमुख, बारावे ग्यालवांग द्रुकपा यांनी २००८ मध्ये व्हिएतनाममधल्या भिक्षुणींना स्वसंरक्षणाचा सराव करताना पाहिले. तिथूनच शिक्षक आणवून त्यांनी आपल्या विहारात ही विद्या सुरू केली. धर्माने स्त्रीला मुक्तीचा अधिकार दिलेला असताना तिच्या अंगातल्या बळाचा त्या अधिकाराशी संबंध काय, हा प्रश्न या विहारामुळे नव्याने उभा राहतो.

तत्त्वापुरते पाहिले तर बौद्ध परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे. थेरीगाथा म्हणजे मुक्ती मिळवलेल्या स्त्रियांचे उद्गार. त्यांतल्या सोमा थेरीला साधकांना भुलवणारा मार हिणवतो, की ऋषींनाही अवघड असलेले पद बाईच्या तोकड्या बुद्धीला गाठता येणार नाही. चित्त एकाग्र झाले की बाईपण आड येत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ती त्याला गप्प करते. तिबेटी परंपरेतली तारेची कथा याच्याही पुढे जाते. पुढचा जन्म पुरुषाचा मिळावा म्हणून प्रार्थना कर, असा सल्ला ज्ञानचंद्रा या राजकन्येला भिक्षू देतात. ती तो नाकारते आणि संसार रिता होईपर्यंत स्त्रीदेहातच प्राण्यांचे कल्याण करण्याची प्रतिज्ञा करते. तीच पुढे तारा झाली, असे मानतात.

व्यवहार मात्र तत्त्वाबरोबर चालला नाही. बुद्धाची मावशी महाप्रजापती गौतमी हिला संघात प्रवेश मिळाला तो आठ गुरुधर्मांच्या अटीवर. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, ही त्यांतली पहिली अट. बुद्धाने स्त्रीला कमी लेखले हा आरोप डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकातल्या लेखात सविस्तर खोडून काढला होता. तरीही संघाच्या रूढीत स्त्री दुय्यम राहिली, हे खरेच. तिबेटमध्ये तर भिक्षुणींची पूर्ण दीक्षा रुजलीच नाही, आणि अनेक विहारांत पूजाविधी भिक्षूंकडे व रांधणे-झाडणे भिक्षुणींकडे अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

या सगळ्यात एक निर्बंध विशेष विचार करण्याजोगा आहे. श्रावस्तीजवळच्या अंधवनात एकटी राहणाऱ्या उत्पलवर्णा थेरीवर अत्याचार झाला. त्यानंतर भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असे ठरले, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. एकटीने प्रवास करण्यालाही विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, मनाई आहे. हेतू संरक्षणाचा होता, याबद्दल शंका नाही. पण अपराध केला पुरुषाने आणि अरण्य सुटले स्त्रीचे. बौद्ध साधनेत एकांतवासाचे मोल किती मोठे आहे हे लक्षात घेतले, तर हा तोटा केवळ सोयीचा नव्हता, साधनेचाच होता.

भिक्षुणींच्या कुंग फूचा खरा अर्थ इथे सापडतो. स्त्री पुरुषाच्या बरोबरीची आहे हे सिद्ध करायला कोणाला चीत करण्याची गरज नाही. ते सोमेने कधीच सांगून ठेवले आहे. तिला घरात किंवा विहारात थांबवताना जे भय पुढे केले जाई, त्याचा जोर या सरावाने कमी होतो. नेपाळमधल्या २०१५ च्या भूकंपानंतर या भिक्षुणी सुरक्षित जागी निघून गेल्या नाहीत, आसपासच्या गावांत मदत घेऊन गेल्या. संकटात सापडलेल्या घरांतल्या मुली विकल्या जात असल्याचे कानावर आल्यावर २०१६ मध्ये सुमारे पाचशे जणींनी मानवी तस्करीविरुद्ध काठमांडू ते लेह अशी जवळपास ४,००० किलोमीटरची सायकलयात्रा केली. पुढे लडाखमधल्या मुलींसाठी त्यांनी स्वसंरक्षणाची शिबिरेही घेतली. ज्यांना एकटीने वाट चालण्याची मनाई होती, त्यांनीच इतरांना वाटेवर निर्भयपणे वावरायला शिकवावे, हा फार मोठा बदल आहे.

कुंग फू अहिंसेच्या विरुद्ध आहे, हा आक्षेप टिकत नाही. रागाने दुसऱ्याला मारणे हा पाली विनयात दोष आहे, पण संकटात सापडल्यावर सुटकेसाठी फटका मारणाऱ्याला तो दोष लागत नाही. हेतू हाच कर्माचा गाभा मानणाऱ्या धर्मात याहून वेगळा निवाडा होणे कठीण होते. रोजच्या सरावाने अंगी येणारी एकाग्रता आणि शिस्त ध्यानालाही उपयोगी पडते, असे या भिक्षुणी स्वतः सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समतेचा पाया बळावर घातला, तर दुबळ्या, आजारी, म्हाताऱ्या स्त्रीचे काय? शिवाय सुरक्षिततेचा भार पुन्हा स्त्रीच्याच खांद्यावर येतो. म्हणूनच कुंग फूला समतेचे साधन म्हणावे, प्रमाण म्हणू नये. प्रमाण धर्माच्या तत्त्वात आहे, आणि ते दीक्षेच्या नियमांत उतरवण्याची जबाबदारी संघाची आहे. त्या दिशेने एक पाऊल पडलेही आहे: जून २०२२ मध्ये भूतानमध्ये तिथले धर्मप्रमुख जे खेनपो यांनी १४४ स्त्रियांना भिक्षुणीची पूर्ण दीक्षा दिली.