कर्ज सर्वांचे, साहाय्य कोणाचे?

शेतातील पीक निघाले, की गावातील गोरगरीब बाया सरवा वेचायला जात. कापणीत गळालेली कणसे, मातीत राहून गेलेल्या शेंगा त्यांच्या ओटीत पडत आणि भला मालक असेल तर तो तिकडे काणाडोळा करी. पवित्र शास्त्राच्या वाचकाला ही रीत अनोळखी नाही. शेताच्या अगदी कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, विसरलेली पेंढी आणायला माघारी जाऊ नये, असे मोशेच्या नियमशास्त्राने मालकाला बजावले होते. त्या नियमाच्या आधारानेच परदेशी विधवा रूथ बवाजच्या शेतात वेचायला गेली. या जुन्या नियमातील एक बारकावा सहज नजरेआड होतो. वेचणारीला दिवसभर कंबर मोडेपर्यंत वाकावे लागे. परंतु वेचण्याआधी तिला काही भरावे मात्र लागत नसे.

बुलढाणा जिल्ह्यात जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या प्रकल्पाचा विचार करताना हा बारकावा मनात घोळत राहतो.

या जिल्ह्याचे दुखणे जुने आहे. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी साहाय्य योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. उत्तरेकडे पूर्णा नदीच्या काठाने संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोद या तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे जमीन काळी आणि कसदार, पण भूगर्भातील पाणी खारट. विहीर खणली तरी तिचे पाणी ना पिकाच्या कामाचे, ना माणसाच्या. पावसाने पाठ फिरवली, की कपाशी आणि सोयाबीन डोळ्यांदेखत करपून जाते.

अशा प्रदेशासाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. लोक त्याला ‘पोकरा’ म्हणतात. पंधरा जिल्ह्यांतील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती आणि खारपाणपट्ट्यातील गावांचा त्यात मुद्दाम समावेश केला होता. सुमारे चार हजार कोटी रुपयांच्या या खर्चापैकी सत्तर टक्के भार जागतिक बँकेने कर्जरूपाने उचलला. ते कर्ज बेचाळीस कोटी डॉलरचे होते आणि त्याची मुदत चोवीस वर्षांची. शेततळे, ठिबक, फळबाग अशा कामांना अनुदान मिळाले. अल्पभूधारकाला बहुतेक बाबींसाठी पंचाहत्तर टक्के. भूमिहीन आणि विधवा यांच्यासाठी शेळीपालन व परसातील कोंबडीपालन ठेवले होते. पहिला टप्पा २०२४ साली संपला आणि पुढे एकवीस जिल्ह्यांसाठी दुसरा टप्पा मंजूर झाला.

या कार्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जेथे विहिरीचे पाणी खारे, तेथे पावसाचे गोडे पाणी साठवून ठेवणारे शेततळे म्हणजे जीवदान होय. प्रश्न वेगळा आहे, आणि तो अनुदान देण्याच्या पद्धतीत दडलेला आहे. अर्जदाराने अर्ज करायचा, गावच्या समितीची व कृषी खात्याची संमती मिळवायची, मग स्वतःच्या पैशाने वस्तू खरेदी करायची. पावती दाखल झाली, तपासणी झाली, म्हणजे अनुदान बँक खात्यात जमा होणार. शंभर रुपयांची वस्तू घ्यायची तर आधी शंभर रुपये हाती हवेत. पंचाहत्तर मागाहून परत येतात.

या पद्धतीमागे शहाणपण आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पूर्वी अनुदान गरिबाच्या नावाने निघे आणि वाटेतच जिरे; वस्तू कागदावर दिसे, शेतात नसे. आता पैसा मध्यस्थाच्या हाती न लागता थेट खात्यात जातो. बँकेला हिशेब हवा, शासनाला पुरावा हवा, यात गैर काय?

गैर काही नाही. पण अपुरे आहे. अशी कल्पना करू या, की संग्रामपूरकडील एक विधवा मजूर बाई आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोच्या दराने तिला मजुरी मिळते, एरवी मिळेल ते काम. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. शेळ्यांसाठी आधी लागणारे शंभर रुपये तिने कोठून आणावेत? सावकाराकडून आणले, तर अनुदान येईपर्यंत व्याज त्यातला लचका तोडून नेणार. नाही आणले, तर योजना दारावरून पुढे जाणार. कोणी तिला नाकारले नाही, कोणी लाच मागितली नाही, नियमही कोणी मोडला नाही. तरीही ती बाहेरच राहिली. कोणाचाच दोष नसलेला हा अन्याय आपल्या विवेकाला सहसा टोचत नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

कोणी म्हणेल, शेतकरी सुधारला की मजूरही सुधारेल. त्यात तथ्य आहे. शेततळ्यात पाणी राहिले तर रब्बीचे पीक उभे राहील आणि त्या बाईला आणखी काही दिवस काम मिळेल. परंतु ही आशा झाली, हक्क नव्हे. आणि तिचा हक्क आहे, असे मी म्हणतो. कारण हे कर्ज शासन फेडणार ते जनतेच्या करांतून. ती बाई साबणाची वडी घेते, चहाची पुडी घेते, तेव्हा करही भरते. चोवीस वर्षांच्या या कर्जाच्या फेडीत तिचा आणि तिच्या नातवंडांचाही वाटा आहे. ऋणको म्हणून जिचे नाव आपोआप लागते, तिला लाभार्थी होण्यासाठी मात्र ऐपत सिद्ध करावी लागते. हा व्यवहार बँकेच्या वहीत बरोबर ठरेल. न्यायाच्या तराजूत तो झुकलेलाच राहील.

उपाय फार दूरचा नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे २००७ ते २०१८ या काळात महिला आर्थिक विकास महामंडळाने आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राज्यभर नेला. या गटांनी एक गोष्ट सिद्ध केली. जिच्याकडे तारण नाही, तिचीही पत असते. शेजारणींचा विश्वास हेच तिचे तारण. अशा गटामार्फत भूमिहीन बाईला तो आधीचा पैसा बिनव्याजी उचल म्हणून मिळाला आणि अनुदान आल्यावर तिने तो परत केला, तर हिशेबही चोख राहील आणि दारही उघडे राहील. तेवढी रक्कम हजारो कोटींच्या कर्जात सहज मावेल.

आपल्या धर्मग्रामांतूनही आपण पतपेढ्या चालवतो, शिष्यवृत्त्या देतो, मदतनिधी उभारतो. तेथेही अर्जासोबत कोणते कागद मागितले जातात, जामीन कोणाला मिळतो, फी आधी भरून पावती कोण आणू शकतो, हे एकदा तपासून पाहावे. आपले दार जिला उंबऱ्याशी थांबवते, ती बहुधा तक्रार करीत नाही. ती मुकाट्याने परत जाते आणि आपल्याला वाटते, की गरजू कोणी उरलाच नाही.

बवाजने रूथकडे पावती मागितली नाही. शेताची कड तिच्यासाठी मोकळी ठेवली होती, एवढेच. आजच्या मोठ्या शेतांची, बँकांच्या आणि शासनाच्या योजनांचीही, एक कड अशी मोकळी ठेवता येणार नाही काय?