सरड्याचा अपराध

कळमेश्वरास संत्र्यांच्या एका बागेवरून जातांना आम्हांस कुंपणावर एक सरडा दिसला. मान तांबडी करून तो डोकें खालींवर हलवीत होता आणि तीन-चार मुलें त्याजवर धोंडे फेंकीत होतीं. कां मारतां, असें विचारतांच उत्तर मिळालें, "तो रक्त पितो." मुलांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, त्या वयांत आम्हींही हेंच केलें आहे. परंतु या प्राण्याचा अपराध तरी कोणता, हा प्रश्न मनांतून जाईना.

सरडा रक्त पीत नाहीं, किडे खातो. आणि ती लाली विणीच्या दिवसांत नराच्या अंगीं येते. मुलांचा आरोप असा खोटा ठरतो. वडील माणसांचा आरोप मात्र याहून सूक्ष्म आहे. शब्द फिरविणाऱ्या मनुष्यास आपण सरड्याची उपमा देतों. म्हणजे रंग पालटणें ही फसवणूक, असें आपण गृहीत धरतों.

वस्तुस्थिति पुष्कळदां उलट असते. आपल्या माळांवर व पठारांवर गळ्याशीं पंखा असलेले लहान सरडे राहतात. नर दगडावर चढून तो रंगीत पंखा उघडतो, तो मादीनें पाहावें व प्रतिस्पर्ध्यानें दूर राहावें म्हणून. अमेरिकेच्या अरण्यांतील अ‍ॅनोल सरडे यांचे जवळचे आप्त नसूनही हीच रीत पाळतात. वर ससाणे घिरट्या घालीत असतां असा रंग उघडणें म्हणजे लपणें नव्हे, जिवावर उदार होऊन प्रकट होणें होय. अशा सरड्यांच्या एका गटास शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं स्वतंत्र प्रजाति मानिलें व तिला 'सरडा' हें आपलेंच मराठी नांव दिलें. त्यांपैकीं एक जाति साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आहे. तेथें पवनचक्क्यांमुळें शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले आणि नरांचे रंग फिके पडले, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. सरड्याचा रंग त्याच्या स्थितीची साक्ष देतो, तो असा.

कोणी म्हणेल, म्हणीनें सरड्याचें काय बिघडतें? त्याला ती कळत नाहीं, हें खरें. पण मुलास कळते. ज्यास आधींच लबाड ठरविलें, त्याजवर धोंडा उचलतांना हात अडखळत नाहीं. शिवाय लबाडी ही मनुष्याची स्वतःची कमाई आहे. ती सरड्याच्या नांवें मांडली कीं लबाडासही निसर्गाचा दाखला मिळतो. सरड्यास सद्गुणी ठरविण्याचाही आमचा हेतु नाहीं. तो आपल्या स्वभावानुसार जगतो. निवड करण्याचें ओझें त्याजवर नाहीं, तें आपणांवर आहे.

तो किडे खातो, एवढेंच आम्ही त्या मुलांस सांगितलें. दोघांनीं धोंडे टाकिले. एकानें हातांत तसाच ठेविला. त्याचा विश्वास बसला नाहीं, यांत नवल नाहीं. त्यास घरींदारीं दुसरेंच ऐकविलें गेलें होतें. त्याच्या हातांतील धोंडा खालीं पडावा अशी इच्छा असेल, तर आपल्या बोलण्यापासूनच आरंभ केला पाहिजे.