आपल्या माणसाविरुद्धची साक्ष



एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष पदावर असताना गंभीर आरोपात सापडतो. त्याने राजीनामा द्यावा की देऊ नये, यावर देशात दोन तट पडतात. इथवर नवल काही नाही. नवल याचे की ही फूट आरोपाच्या खरेखोटेपणावरून पडत नाही. ती नेमकी पक्षाच्या कुंपणावरून पडते. तेच पुरावे, तीच कागदपत्रे; पण कुंपणाच्या अलीकडच्या माणसाला त्यांत राजीनाम्याचे कारण ढळढळीत दिसते आणि पलीकडच्याला काहीच दिसत नाही. दोघांचेही डोळे शाबूत असताना असे का व्हावे, याचा आपण आज विचार करू.

उदाहरण अमेरिकेचे घेतो. तिथे पाव शतकाच्या आत हा प्रश्न दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळी पक्षांनी जागा बदललेल्या होत्या.

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण पकडले गेले. राष्ट्राध्यक्ष होते रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. पुढची दोन वर्षे चौकशी चालली आणि मुख्य प्रश्न घुसखोरीपेक्षा ती दडपण्याचा झाला. १९७४ च्या जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीपुढे महाभियोगाचे पहिले कलम मतास आले. ते २७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाले. एकवीसच्या एकवीस डेमोक्रॅट बाजूने, आणि सतरा रिपब्लिकनांपैकी केवळ सहा. विरोधी पक्षाच्या एकाही सदस्याला निक्सन निर्दोष वाटू नयेत, हा केवळ पुराव्याचा प्रभाव मानणे भोळेपणाचे ठरेल.

या समितीत कॅलिफोर्नियाचे चार्ल्स विगिन्स नावाचे रिपब्लिकन सदस्य होते. निक्सन यांची बाजू त्यांच्याइतक्या तयारीने कोणी मांडली नसेल. त्यांचे म्हणणे असे की तर्क आणि संशय यांवर राष्ट्राध्यक्षाला हटवता येत नाही, ठोस पुरावा दाखवा. वाचकहो, या मागणीला मी पक्षांधता म्हणणार नाही. बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आपल्यालाही आहे. पक्षांधतेची परीक्षा पुरावा मागताना होत नाही, पुरावा हाती आल्यावर होते.

आणि पुरावा आला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ध्वनिफिती सोपवण्याचा आदेश दिला. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाचा मजकूर जाहीर झाला. पोलिसी तपास थांबवण्यासाठी गुप्तहेर खात्याचा वापर करण्यास निक्सन संमती देत असल्याचे त्यात स्पष्ट होते. त्याच दिवशी विगिन्स यांनी जड अंतःकरणाने जाहीर केले की आपण आता महाभियोगाच्या बाजूने मत देऊ. समितीत शेवटपर्यंत निक्सन यांच्या पाठीशी राहिलेले दहाही सदस्य त्या मुद्द्यावर फिरले. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे तीन ज्येष्ठ रिपब्लिकन नेते राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि तुम्हाला वाचवण्याइतकी मते सिनेटमध्ये उरलेली नाहीत, असे त्यांना तोंडावर सांगितले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

या तिघांनी केवळ मते मोजली, नीतीचा त्यात काय संबंध, असे म्हणणारे आहेत. नियत अल्लाह जाणतो. मला लक्षात घ्यावेसे वाटते ते इतकेच की डेमोक्रॅट पक्ष कित्येक महिने जे म्हणत होता त्याने निक्सन हलले नाहीत. स्वकीय दारात आले तेव्हा हलले. विरोधकाच्या तोंडी राजीनाम्याची मागणी फार स्वस्त असते. तिने त्याचे काही जात नाही, झाला तर लाभच होतो. तीच मागणी स्वकीयाच्या तोंडी आली की तिला साक्षीचे मोल येते, कारण ती देणाऱ्याला काहीतरी गमवावे लागते. मेरीलँडचे लॉरेन्स होगन यांनी रिपब्लिकन असून समितीने संमत केलेल्या तिन्ही कलमांना पाठिंबा दिला, ध्वनिफीत बाहेर येण्याच्याही आधी. त्याच वर्षी त्यांना राज्यपालपदासाठी स्वपक्षाची उमेदवारी हवी होती. ती मिळाली नाही.

सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे. त्यातील क्रम पाहा. आधी स्वतःविरुद्ध, मग आईवडिलांविरुद्ध, मग आप्तांविरुद्ध. शत्रूविरुद्ध साक्ष द्या, असे सांगण्याची तिथे गरजच भासलेली नाही. ती माणूस न सांगता देतो. आदरणीय पैगंबर (स.) यांनी भाऊ जुलमी असला तरी त्याला साहाय्य करण्यास सांगितले, तेव्हा सहाबा गोंधळले. मजलूमाला साहाय्य समजते, जालिमाला कसे करावे? उत्तर मिळाले की त्याचा हात जुलमापासून रोखणे हेच त्याचे साहाय्य. पक्षनिष्ठा, जमातनिष्ठा, घराण्याची निष्ठा या गोष्टी इस्लामला अमान्य नाहीत. प्रश्न त्या निष्ठेने केलेल्या कामाचा आहे. ती हात रोखते की हातावर पांघरूण घालते?

आता दुसरा प्रसंग. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन. आपल्या कार्यालयातील एका तरुण प्रशिक्षणार्थी स्त्रीशी असलेले संबंध त्यांनी जानेवारीत शपथेवर आणि नंतर जनतेसमोर नाकारले. १७ ऑगस्टला ते अनुचित संबंध त्यांना मान्य करावे लागले. या वेळी राजीनाम्याची आरोळी रिपब्लिकनांची होती, आणि जनतेने दिलेला कौल असा उलटवता येत नाही, हा १९७४ मधला निक्सनसमर्थकांचा युक्तिवाद डेमोक्रॅटांच्या ओठी आला. वाक्ये तीच, तोंडे बदललेली.

डेमोक्रॅट सिनेटर जोसेफ लीबरमन यांनी ३ सप्टेंबरला सभागृहात उभे राहून आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या वर्तनाला अनैतिक म्हटले. धाडस होते यात शंका नाही. पण फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटमध्ये मतदान झाले तेव्हा पंचेचाळीसच्या पंचेचाळीस डेमोक्रॅटांनी, लीबरमन धरून, दोन्ही कलमांवर निर्दोष असेच मत दिले. रिपब्लिकनांपैकी खोट्या साक्षीच्या कलमावर दहा आणि न्यायात अडथळ्याच्या कलमावर पाच जण पक्षाची रांग सोडून आले. दोन तृतीयांश मते जमली नाहीत, क्लिंटन पदावर राहिले.

त्याआधी १९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधिगृहात एक विलक्षण दृश्य घडले. सभापतिपदासाठी निवडले गेलेले रिपब्लिकन बॉब लिव्हिंगस्टन महाभियोगावर बोलताना राष्ट्राध्यक्षांना म्हणाले की राजीनामा द्या. समोरच्या बाकांवरून ओरडा झाला, तुम्हीच द्या. कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांचे स्वतःचे विवाहबाह्य संबंध उघड झाले होते. लिव्हिंगस्टन यांनी तिथल्या तिथे सभापतिपदावरचा दावा सोडला आणि आपण सदस्यत्वही सोडणार असल्याचे सांगितले. सभागृह स्तब्ध झाले. मग डेमोक्रॅटांचेच नेते उठून म्हणू लागले की त्यांनी जाऊ नये! त्या एका सकाळी राजीनामा हा शब्द शस्त्र म्हणून उगारला गेला, ढाल म्हणून पुढे आला, आणि एकदा चुकून तो खराही झाला.

येथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी तेव्हा लहान होतो. आमचे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, रात्री रेडिओवर बीबीसीची उर्दू सेवा ऐकत. क्लिंटनचे नाव निघाले की म्हणत, "हा माणूस गेलाच पाहिजे. झूठी कसम खाल्लीय." एकदा मशिदीतले मौलवीसाहेब ओटीवर बसलेले होते. ते हळूच म्हणाले, "दादामियाँ, खरं सांगा. झूठ्या कसमेसाठी जावा, की सुदानवर बॉम्ब टाकले म्हणून जावा?"

आठवण करून देतो, कबुलीनंतर तीनच दिवसांनी, २० ऑगस्टला, अमेरिकेने अफगाणिस्तान आणि सुदानवर क्षेपणास्त्रे सोडली होती. नैरोबी आणि दारेस्सलाम येथील दूतावासांवरील बॉम्बहल्ल्यांत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली होती, त्याचा हा बदला असे सांगितले गेले. खार्तूमजवळचा अल-शिफा हा औषधांचा कारखाना त्यात उद्ध्वस्त झाला. तिथे रासायनिक अस्त्रांचे साहित्य बनते हा दावा पुढे सिद्ध झाला नाही. आमच्या घरात संताप होता तो या गोष्टीचा. शपथ हे निमित्त होते.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्हींसाठी." मौलवीसाहेब म्हणाले, "मग दोन्हींचे हिशेब वेगळे लिहा. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकू नका." सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या लोकसमूहाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये असे बजावले आहे, ते मी मदरशात पुढे कितीतरी तफसीरांतून वाचले. पण त्याचा अर्थ मला त्या ओटीवर कळला होता.

तर मग दोन्ही हिशेब वेगळे लिहू. निक्सन यांनी राज्याची यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी वापरली. पद ही अमानत आहे आणि अमानतीचीच खियानत झाली, तेव्हा जाणे प्राप्तच होते. क्लिंटन यांचे प्रकरण याहून अवघड आहे. माणसाचे झाकलेले पाप उकरून काढू नये असे आपला धर्म सांगतो, आणि त्या चौकशीत ते हौसेने उकरले गेले यात संशय नाही. त्यांच्या समर्थकांचा हा मुद्दा खरा होता. परंतु शपथेवरचे असत्य खासगी राहत नाही. ज्याच्या देशात सामान्य माणसाला खोट्या साक्षीसाठी तुरुंगात जावे लागते, त्याने पायउतार व्हायला हवे होते, असे माझे मत आहे. हे मत मी अल-शिफा कारखाना बाजूला ठेवून तपासले आहे. पूर्णपणे बाजूला ठेवता आला का, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

आणि राजीनामा हेच नेहमी नीतीचे उत्तर असते असेही नाही. तुलना करण्याचा हेतू मुळीच नाही, तशी तुलना बेअदबीची ठरेल, पण आपल्याच इतिहासात हिजरी ३५ मध्ये बंडखोरांनी घराला वेढा देऊन हजरत उस्मान (र.) यांच्याकडे पद सोडण्याची मागणी केली आणि त्यांनी ती नाकारली. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांचा सल्ला नमूद आहे की असे केल्यास लोकांना अमीर नावडला की त्याला उतरवण्याची रीत पडेल. उलट हिजरी ४१ मध्ये हजरत हसन (र.) यांनी मुस्लिमांचे रक्त वाचावे म्हणून सत्ता स्वतः सोडली. एकाने सोडली नाही, एकाने सोडली. गर्दीचा आवाज किती मोठा होता, यावर दोघांचाही निर्णय ठरला नव्हता.

वॉशिंग्टन आपल्यापासून दूर आहे, म्हणून एक जवळची गोष्ट सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या मशिदीत इमामत करत होतो, तिथल्या समितीच्या अध्यक्षांनी वर्गणीचा हिशेब दोन वर्षे मांडला नव्हता. एक गट म्हणे राजीनामा द्या, दुसरा म्हणे हे कारस्थान आहे. मला तिथे नेमले होते याच अध्यक्षांनी. माझ्या मुलीच्या आजारपणात रात्री गाडी घेऊन आले होते तेही हेच. लोक विचारत, "इमामसाहेब, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणे, "इन्शाअल्लाह, पाहू." असे चार जुमे गेले. हिशेबाची वही मी पाहिली होती. पाचव्या आठवड्यात इशानंतर एकटाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही वही समितीकडे द्या आणि बाजूला व्हा. हे तुमच्या विरोधकांचं म्हणणं नाही, माझं आहे." चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांनी वही आणि किल्ल्या मिंबरजवळ आणून ठेवल्या. मी ते गाव सोडेपर्यंत ते पहिल्या सफमध्ये, माझ्या अगदी मागे उभे राहत. सलाम फेरल्यावर हात मिळवायला मात्र थांबत नसत.