दयेचा दुसरा दिवस

वाचनभाग : ईयोब ३९:५-८, नीतिसूत्रे १२:१०, लूक १०:३३-३५



ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी परमेश्वर वावटळीतून बोलतो आणि ईयोबाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो. त्यांतला एक प्रश्न आपण सहसा वाचून पुढे जातो. रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, असे देव विचारतो. ईयोब गप्प राहतो, कारण उत्तर एकच आहे. देवानेच त्याला सोडले, ओसाड रान त्याला घर म्हणून दिले आणि डोंगर कुरण म्हणून दिले.

परंतु आज पृथ्वीवर असेही प्राणी मोकळे फिरत आहेत की, ज्यांच्याविषयी हाच प्रश्न विचारला तर उत्तर निराळे येते. त्यांना माणसाने सोडले. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मस्टँग घोडे हे त्यांपैकीच. त्या खंडातील मूळचे घोडे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाले होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून पुन्हा घोडे नेले. पुढे कित्येक सुटले, कित्येक गरज संपल्यावर सोडून दिले गेले, आणि त्यांचे कळप माळरानांवर वाढले.

विसाव्या शतकात या घोड्यांचे मांस कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी विकले जाऊ लागले. विमाने आणि मोटारी त्यांच्या मागे लावून ते थकेपर्यंत पळवीत, पाणवठे दूषित करीत. १९५० साली नेव्हाडा राज्यात व्हेल्मा जॉन्स्टन या बाई कामावर जात असता पुढच्या मालमोटारीतून रक्त ठिबकताना त्यांनी पाहिले. आत कोंडलेले जखमी घोडे कत्तलखान्याकडे चालले होते. या बाई एका कचेरीत सेक्रेटरी होत्या. बालपणीच्या पोलिओने त्यांच्या चेहऱ्यात व्यंग आले होते. लोकांनी हिणवून त्यांना रानघोड्यांची ॲनी म्हटले; त्यांनी तेच नाव आनंदाने घेतले. त्यांच्या खटपटीने १९५९ साली मोटारी व विमाने लावून घोडे पकडण्यास सरकारी जमिनीवर बंदी झाली. मग शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७१ साली मोकळ्या घोड्यांना व गाढवांना संरक्षण देणारा कायदा एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाला.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही तुम्हांला आनंदाने म्हटले असते की, जा आणि तसेच करा. पण दयेची खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली.

कायदा झाला तेव्हा मोकळ्या घोड्यांची नोंदलेली संख्या सुमारे १७ हजार होती. घोड्यांचा कळप वर्षाला १५ ते २० टक्के वाढतो. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. जमीन मात्र वाढत नाही. चोहोकडे कुंपणे आहेत, त्याच कुरणांवर गुरे व मेंढ्याही चरतात, आणि बहुतेक ठिकाणी संख्या आवरण्याइतकी हिंस्र श्वापदे उरलेली नाहीत. त्या जमिनीला सुमारे २६-२७ हजार जनावरे सोसतील असा सरकारी अंदाज. २०२० साली ती ९५ हजारांच्या घरात गेली होती. १९७६ साली हेलिकॉप्टर वापरण्यास पुन्हा परवानगी द्यावी लागली. पकडलेल्यांपैकी काही लोक पाळण्यासाठी नेतात, उरलेली सरकारी आवारांत व भाड्याच्या कुरणांत राहतात. अलीकडच्या वर्षांत अशी ६० हजारांहून अधिक जनावरे तिथे सांभाळली जात होती.

यावर तिथे मोठा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, त्यांना हात लावू नका. दुसरा म्हणतो, त्यांना हटवा. हेलिकॉप्टरच्या धावपळीत कळप फुटतात, काही घोडे मरतात, हे खरे. पण हात न लावल्याने काय होऊ शकते तेही पाहिले पाहिजे. २०१८ साली दुष्काळात, ॲरिझोनातील नवाहो लोकांच्या प्रदेशात, एका आटत्या तळ्याजवळ १९१ मोकळे घोडे मेलेले आढळले. पाण्याच्या आशेने ते चिखलात शिरले आणि रुतून बसले. त्यांना कोणी मारले नव्हते. आणि वेळेवर सांभाळलेही नव्हते.

बंधुभगिनींनो, शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, त्या मनुष्याला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत आणले. आपले मन तिथेच भरून येते. पण प्रभूने दाखला तिथे थांबविला नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. पहिल्या दिवसाच्या दयेला डोळ्यांतले पाणी पुरते. दुसऱ्या दिवसाच्या दयेला हिशेब लागतो, वेळ लागतो, आणि परत येण्याचा शब्द पाळावा लागतो.

असा दुसरा दिवस मेरीलँडच्या किनाऱ्यावरील ॲसाटीग बेटावर पाहायला मिळतो. तिथेही मोकळे घोडे आहेत. १९९४ पासून तिथे घोड्यांना हाकलून कोंडण्याऐवजी घोड्यांच्या माद्यांना दुरून सुई मारून लस देण्यात येऊ लागली. तिने सुमारे वर्षभर गर्भ राहत नाही. कळप पावणेदोनशेच्या घरातून हळूहळू शंभराच्या आत आला, आणि वारंवार विण्याचा भार कमी झाल्याने माद्या अधिक वर्षे जगू लागल्या. हे साधण्यास प्रत्येक घोडी रंगावरून, खुणांवरून ओळखावी लागते, तिची नोंद ठेवावी लागते. चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी ओळखतो असे प्रभू म्हणतो, ते आम्हांला इथे आठवते. कळपावर दया करणे सोपे आहे. एकेकीला ओळखणे कष्टाचे आहे.

कोणी विचारील, तारवातून उतरलेल्या प्राण्यांना देवाने वाढण्याचा आशीर्वाद दिला, मग त्यांची वाढ रोखणारे आपण कोण? प्रश्न योग्य आहे. पण त्या आशीर्वादाबरोबर देवाने मोकळी पृथ्वी दिली होती. कुंपणे आपण घातली, पाणवठे आपण अडविले. ज्याने जागा घेतली त्याने जबाबदारीही घेतली पाहिजे. ती टाळून आशीर्वादाचे वचन पुढे करणे हे कारभाऱ्याला शोभत नाही.

हे सारे दूरचे आहे असे समजू नका. आपल्या गावांतही टांगे थांबले आणि थकलेली घोडी रस्त्यावर आली. मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या, तेव्हा त्यांवर पोट असलेल्या माणसांच्या पुनर्वसनाची योजना करण्यासही सरकारला सांगितले. बंदीबरोबर दुसऱ्या दिवसाचाही विचार हवा, हेच त्यातून दिसते. आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे जनावराला भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, हे शलमोनाने त्याच्या कितीतरी आधी शिकविले.

तेव्हा दारात असे घोडे आले तर शिळ्या भाकऱ्यांची रास पुढे टाकू नका. घोड्याला ओकता येत नाही. असल्या खाण्याने पोटशूळ उठून तो मरू शकतो. स्वच्छ पाणी ठेवा, पशुवैद्याला कळवा, मालकाचा शोध घ्या. मालक गरीब असेल तर त्याला दोष देण्यापूर्वी चाऱ्याचा खर्च मंडळीने मिळून उचलता येईल का ते पाहा. आणि उद्या पुन्हा जाऊन बघा.

कारण प्रश्न घोड्यांपुरता नाही. आम्ही स्वतःलाच विचारतो : ज्या विधवेला गेल्या नाताळात आपण लुगडे दिले, तिच्या घरी त्यानंतर कोण गेले? ज्या मुलाची पहिल्या वर्षाची फी भरली, तो दुसऱ्या वर्षी शाळेत आहे का? आपण किती जणांना मोठ्या मनाने वाचविले आणि मग मोकळे सोडून दिले?

प्रार्थना : हे प्रभू, मनुष्य व पशू या दोघांचाही तू सांभाळ करतोस. आम्ही बांधले आणि गरज सरताच सोडून दिले, याची आम्हांला क्षमा कर. पहिल्या दिवशी आम्हांला कळवळा दे, आणि दुसऱ्या दिवशी परत जाण्याची निष्ठा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.