पांडुरंग सांगवीकर आणि आपण

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखक तेव्हा पंचविशीत होते आणि त्यांचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही तेवढ्याच वयाचा. खानदेशातील सांगवीहून मॅट्रिक होऊन हा मुलगा पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात राहतो, मेस सांभाळतो, स्नेहसंमेलन उभे करतो, वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो, आणि या साऱ्याची टवाळी करीत आपली हकिकत आपणच सांगतो. थोरांचा आव, मित्रांची मैत्री, भाषणे, पदव्या. त्याच्या तावडीतून काही सुटत नाही. अशा नायकाविषयी 'हा तर मीच' असे एखाद्याला वाटले, तर त्या वाटण्याचे नैतिक मोल काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही ही कादंबरी प्रथम वाचली. घंटेबरोबर उठणे, घंटेबरोबर जेवणे, सत्कारसमारंभांतील लांबलचक भाषणे. पांडुरंगाच्या नजरेने पाहू लागताच सारेच हास्यास्पद दिसू लागले. त्या हसण्यात खोटे काही नव्हते. ढोंग ओळखणे हे सत्यप्रेमाचेच एक रूप आहे; प्रभू येशूने परुश्यांना जे सुनावले ते काही गोड नव्हते. (आमच्या प्रवचनांविषयी तरुण मंडळी जे बोलतात त्यातले निम्मे तरी खरे असते, हेही सांगून टाकतो.)

परंतु पांडुरंग केवळ टवाळखोर नाही. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तेथे त्याची जीभ लुळी पडते. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धमूर्तींसमोर तो उभा राहतो, तेव्हा बोलतो तो दुःखाने पोळलेला भाऊ. 'कोसला'शी ज्या अमेरिकन कादंबरीची तुलना होत आली आहे, त्या सॅलिंजरच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय'मध्येही हेच आहे. होल्डन या किशोरवयीन निवेदकाला सारे जग दांभिक वाटते. पण त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला त्या रात्री त्याने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या होत्या. दोघांच्याही तुच्छतेमागे एक लहान मूल मरून पडलेले आहे. वाचक मात्र बहुधा त्यांची जीभ उचलतो आणि जखम पुस्तकातच ठेवतो.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरून मुले शिकावयास मुंबई-पुण्याकडे जातात आणि सुट्टीत मांडव्याच्या लाँचमधून उतरतात ती पांडुरंग होऊनच. त्यांपैकी एकाने आमच्याकडची 'कोसला' वाचावयास नेली होती. (त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.) परत आणून देताना तो म्हणाला, "फादर, हा तर मीच." कोणता भाग आवडला, असे विचारताच त्याने मेसची आणि संमेलनाची प्रकरणे रंगवून सांगितली, मनीचे नाव घेतले नाही. आम्ही घेतले. "ती पाने मी गाळली," तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ तापाने गेला होता. मिस्सा आणि दफनविधी आम्हीच केला होता. तेव्हापासून त्याला सणात, प्रार्थनेत, घरच्यांच्या रडण्यातही ढोंग दिसू लागले, अशी त्याच्या आईची तक्रार होती.

अशा मुलाला आपण चटकन नास्तिक, उर्मट म्हणून मोकळे होतो. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले. आरंभी ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. बिघडले ते त्यांनी उपदेशासाठी तोंड उघडल्यावर. ईयोब तर देवालाच जाब विचारीत होता. तरीही अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट फारशी सोयीची नाही.

त्या मुलाने पुस्तक पुन्हा मागून नेले आहे. गाळलेली पाने त्याने वाचली की नाही, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.