प्रार्थना शिकायची कोणाकडून?

(शुभवर्तमान : लूक ११:१-१३)



आजच्या शुभवर्तमानात एक शिष्य प्रभू येशूकडे प्रार्थनेचा धडा मागतो. शिष्यांना प्रार्थना येत नव्हत्या असे नाही. ते यहुदी घरांत वाढले होते. स्तोत्रे त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडली होती. मग हे मागणे का? संत लूक याचे उत्तर पहिल्याच ओळीत देतो. येशू एका ठिकाणी प्रार्थना करीत होता आणि त्याची प्रार्थना आटोपल्यावर शिष्याने विचारले. येशूला प्रार्थना करताना त्यांनी पाहिले आणि तसे आपल्यालाही जमावे, ही ओढ त्यांना लागली.

प्रार्थनेचे शब्द पुस्तकातून पाठ होतात. तिची ओढ मात्र कोणालातरी प्रार्थना करताना पाहूनच लागते.

आता आपल्या घरांकडे पाहू या. कन्नमवार नगर असो, टागोर नगर असो की पार्कसाइट, चित्र बहुतेक सारखेच आहे. मूल शाळेत इंग्रजीतून प्रार्थना शिकते. आजी कोपऱ्यात बसून मराठीतून जपमाळ करते. आईबाबांना सकाळी लोकल गाठायची असते आणि रात्री ते थकून येतात. मुलाला रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. पण त्या मुलाने आपल्या वडिलांना गुडघे टेकलेले कधी पाहिले आहे काय?

प्रार्थना आपल्या भाषेत करावी, ही शिकवण जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. साष्टीतील लोकांना ख्रिस्ती प्रार्थना शिकवल्या जात होत्या, पण मनात घोळवावे, गावे असे त्यांच्या भाषेत काही नव्हते. लोकांनी ते मागितले आणि फादरांनी मराठीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपली भाषा शिकून घेतली, कारण देवाशी बोलताना मनुष्याला मध्ये दुभाषी नको असतो. आपण कोणी वसईहून आलो, कोणी नगर-जालन्याहून. ज्या बोलीत आपण आईला हाक मारतो, त्या बोलीत देवाला हाक मारायला लाजू नये.

प्रभूने शिकवलेली प्रार्थनाही ‘बाप’ या साध्या हाकेने सुरू होते. बापासमोर शब्द सजवावे लागत नाहीत. राग असेल तर राग सांगावा, भीती असेल तर भीती सांगावी.

कोणी म्हणेल, “फादर, मी बसतो, पण मन लागत नाही.” अविलाची संत तेरेजा प्रार्थनेची थोर शिक्षिका. १९७० साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता घोषित केले. तिनेच लिहून ठेवले आहे की, प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच अनेक वर्षे तिचे लक्ष असे. तरी ती बसत राहिली. मन लागले नाही म्हणून प्रार्थना वाया जात नाही.

याहून कठीण प्रश्न वेगळाच आहे. दर बुधवारी माहीमला जाऊन नोव्हेना केली, मेणबत्त्या लावल्या, तरी आजारी माणूस गेले. मुलाची दारू सुटली नाही. अशा घरात ‘मागा म्हणजे मिळेल’ हे सहज बोलून चालत नाही. म्हणून आजच्या शुभवर्तमानाचा शेवट नीट ऐकू या. येथे प्रभू मागितलेली प्रत्येक वस्तू देण्याचे वचन देत नाही. पिता पवित्र आत्मा देईल, असे तो सांगतो. गेथसेमनीच्या बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. प्याला टळला नाही, पण त्याला बळ देण्यासाठी देवदूत आला, असे संत लूक सांगतो. ज्यांची विनंती अपुरी राहिली आहे, त्यांच्या शेजारी येशू स्वतः बसलेला आहे. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे कोणी त्यांना म्हणू नये.

या आठवड्यात एवढेच करू या. रात्री जेवणानंतर टीव्ही आणि मोबाईल पाच मिनिटे बंद ठेवू या. घरातील सर्वांनी एकत्र बसून प्रभूची प्रार्थना एकदाच, पण सावकाश म्हणावी. प्रत्येक वाक्यानंतर थोडे थांबावे. मग प्रत्येकाने त्या दिवसाची एक गोष्ट देवाला आपल्या शब्दांत सांगावी. सुरुवात मोठ्यांनी करावी. ज्यांचे कुटुंब गावी आहे किंवा जे एकटे राहतात, त्यांनी शेजारच्या ख्रिस्ती घरी जाऊन बसावे, आणि त्या घराने दार उघडे ठेवावे.

हे पित्या, आमची मुले आम्हांला पाहत आहेत. त्यांना आमच्यात तुझी ओढ दिसू दे. आमेन.