विद्यादानात सोडायचे काय?

पानातला घास दुसऱ्याला दिला की देणाऱ्याच्या पानात तेवढा कमी होतो. विद्येचे तसे नाही. शिकवणाऱ्याची विद्या शिकवल्याने अधिकच पक्की होते. मग महाविद्यालयात शिकणारी मुलगी दर शनिवारी वस्तीतल्या शाळेत जाऊन सहावीच्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग किंवा कोडिंग शिकवते, तेव्हा ती नेमके सोडते काय? वेळ, असे म्हणावे, तर त्याचाही मोबदला ठरलेला असतो. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम केले की प्रमाणपत्र मिळते, आणि ते पुढे नोकरीच्या अर्जाला जोडता येते. ज्या सेवेचे तास मोजले जातात, तिला दान म्हणावे का, हा आक्षेप त्यामुळे रास्तच आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे. परतफेडीची आशा न ठेवता, देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. प्रमाणपत्रासाठी केलेली सेवा या हिशेबाने राजस ठरते, आणि बहुतेकांची चर्चा इथेच थांबते. पण सर्वांत खालची, तामस पायरी गीतेने स्वार्थी दात्याला दिलेली नाही. अस्थानी, अवेळी, अपात्री दिलेल्या दानाबरोबर अनादराने, घेणाऱ्याला तुच्छ लेखून दिलेले दानही तिथे ठेवले आहे. म्हणजे दात्याचे मन निर्लोभ आहे का, याहून घेणाऱ्याचा मान राहिला का, हा प्रश्न मोठा ठरतो. प्रमाणपत्राची इच्छा असलेली स्वयंसेविका मुलांचा मान राखू शकते. ‘बिचारी पोरं’ म्हणत आलेला निरिच्छ माणूस तो घालवू शकतो.

विज्ञान शिकवताना हा मान राखायचा कसा? मी सांगतो म्हणून खरे, हा अधिकार सोडून. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने हे करून दाखवले. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे नोंदवायची, निष्कर्ष आपसांत चर्चा करून काढायचे, आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायचे. उत्तर पाठ करण्याला तिथे किंमतच उरली नाही. ‘स्क्रॅच’सारख्या साधनावर, जिथे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो, हेच घडते. पडद्यावरचे मांजर भिंतीला अडले की चूक मुलाला स्वतःलाच दिसते; ताईने ती दाखवावी लागत नाही. ताईला कठीण जाते ते माऊसला हात न लावता बसून राहणे. विद्यादानात खरोखर काही सोडावे लागत असेल, तर ते इथे.

यावर कोणी म्हणेल, की तुटक्या बाकांच्या आणि अपुऱ्या शिक्षकांच्या शाळेत कोडिंग ही चैन आहे, आणि स्वयंसेवक आले की सरकारला हात झटकायला निमित्त मिळते. दुसरा भाग खरा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जी जबाबदारी सरकारवर टाकली, ती शनिवारच्या दोन तासांनी फिटणार नाही, आणि सेवेने तसा आव आणू नये. पहिला भाग मात्र पटत नाही. पडताळून पाहण्याची सवय चैनीत मोडत नाही. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे तर १९७६ च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्यच ठरवले आहे. उरतो निष्कामतेचा प्रश्न. प्रमाणपत्र खुशाल घ्यावे. सोडायला अवघड फळ वेगळेच आहे: मुलांचे आपल्यावाचून अडावे, ही सुप्त इच्छा. सत्र परीक्षा आल्या, ताई येईनाशी झाली, आणि तरी शनिवारी मुलांनी प्रयोगाची पेटी आपणहून उघडली, तर दान पोचले म्हणावे.